मांडीवर आलेली मेथी

पहिल्या दिवशी मी पुण्यापासून लोणावळ्यापर्यंत उभी होते. समोर खिडकीची जागा रिकामी होती आणि तिच्यावर एक निळा रुमाल पसरलेला होता. "इथे नका बसू, ही आमच्या चिंचवडच्या ताईंची जागा आहे," शेजारच्या बाईंनी सांगितलं. चिंचवड आलं आणि गेलं. ताई काही चढल्या नाहीत. रुमाल तसाच राहिला आणि मीही तशीच. लोणावळा सुटल्यावर पलीकडच्या बाकावरच्या एक वयस्कर काकू म्हणाल्या, "अगं बसू दे तिला आता. घाटात पडेल एखादी."

ही जून 2006 ची गोष्ट. माझी मुंबईला बदली झाली होती. मुलगी सहावीत, सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे सहकारनगरचं बिऱ्हाड हलवणं शक्य नव्हतं. पास काढला. पुणे ते मुंबई 192 किलोमीटर, म्हणजे रोजचे जाऊन-येऊन 384. पहाटे साडेचारला उठायचं, पोळ्या लाटायच्या, यजमान स्कूटरवरून स्टेशनला सोडायचे, आणि रात्री घरी पोचेपर्यंत नऊ-साडेनऊ. गाडीचं नाव मी इथे लिहिणार नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात आमचं सगळंच वागणं चांगलं नाही. तो लेडीज पासधारकांचा डबा होता, एवढं पुरे.

जवळजवळ चौदा वर्षं मी त्या डब्यानं गेले आणि आले. निवृत्त झाल्यापासून एकच गोष्ट मनात घोळते आहे. त्या डब्यातल्या बायकांनी मला 'आपण'मध्ये नेमकं कधी घेतलं?

मराठीत याला दोन शब्द आहेत, हे आपल्या लक्षातही येत नाही. समोरच्याला वगळून बोलायचं तर 'आम्ही', त्याला धरून बोलायचं तर 'आपण'. हिंदीत दोन्हींना 'हम'. डब्यातल्या एक काकू सोलापूरच्या पूर्व भागातल्या होत्या, माहेर पद्मशाली, घरात तेलुगू. त्या म्हणायच्या, "आमच्यातही तसंच आहे. मेमु म्हणजे तुला सोडून, मनमु म्हणजे तुला धरून." पहिल्या दिवशी रुमालाच्या निमित्तानं मी जे ऐकलं ते 'आमच्या ताई' होतं. त्यात मी नव्हते, हे त्या एका शब्दानंच कळलं होतं.

पहिले पाच महिने वाईट गेले असं नाही. जागा मिळायला लागली. चिवडा, चिक्की, गुरुवारी कुणाकडची तरी साबुदाण्याची खिचडी पुढे यायची. "घ्या ना, घ्या." मी घ्यायचे, दुसऱ्या दिवशी आपल्या डब्यातलं काहीतरी द्यायचे. सगळ्या चांगल्या बोलायच्या. तरी मी बाहेरचीच होते आणि हे त्यांनाही माहीत होतं.

नोव्हेंबरातली एक संध्याकाळ. परतीची गाडी कर्जतला थांबली होती. घाट चढवायला मागून इंजिनं लावतात, तेवढ्यात वडेवाले येऊन जातात, ती वेळ. कर्जत सुटलं की आमच्या डब्यात भाज्या बाहेर पडायच्या. मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर मेथी, गवार, हिवाळ्यात मटार. घरी पोचल्यावर फक्त फोडणी द्यायची राहील इतकी तयारी गाडीतच व्हायची. चिंचवडच्या ताई (निळ्या रुमालाच्या त्याच) पलीकडच्या बाईशी सुनेच्या बाळंतपणाबद्दल बोलत होत्या. बोलता बोलता, माझ्याकडे न बघता, त्यांनी मेथीची अर्धी जुडी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "देठं जास्त ठेवू नकोस गं, आमच्याकडे चालत नाहीत."

'नकोस' म्हणाल्या. पाच महिने मी 'तुम्ही' होते.

मी ती मेथी इतक्या मन लावून निवडली की माझ्या स्वतःच्या घरची कधी तशी निवडली नसेल. खंडाळ्याच्या आधीचे बोगदे कधी संपले कळलं नाही. त्या दिवशी घरी येऊन यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे आता त्यांचीही कामं तुलाच?" त्यांना कसं सांगू? पाहुण्याला आपण खायला देतो, काम सांगत नाही. हक्कानं काम सांगितलं जाणं, आणि तेही न विचारता, न बघता, बोलता बोलता, त्याचं मोल मला तेव्हा कळलं. त्यानंतर कुणीही मला 'घ्या ना' म्हटलं नाही. माझ्या पिशवीतला डबा माझ्याआधी दुसरीच उघडायला लागली.

बाहेरच्या माणसाला अशा गटाची ओळख पटते ती वेगळ्याच गोष्टींवरून. खंडेनवमीला डब्याची पूजा, दाराला झेंडूचं तोरण, संक्रांतीनंतर धावत्या गाडीतलं हळदीकुंकू आणि तुळशीबागेतून आणलेलं वाण, महिन्याची भिशी. डेक्कन क्वीनचा वाढदिवस तर सगळ्या पुण्याला ठाऊक आहे. ती 1 जून 1930 ला सुरू झाली आणि तिचे प्रवासी दरवर्षी त्या तारखेला पुणे स्टेशनवर केक कापतात. मला हे सगळं फार आवडतं, आमच्या डब्याचं तोरण बांधायला मी कितीदा पहाटे चारला उठले आहे. पण तोरण बांधून आम्ही एक झालो नाही. एक झालो होतो म्हणून तोरण बांधावंसं वाटलं. त्याआधी मेथी होती, आणि मेथीच्याही आधी रोजची हजेरी. शिवाजीनगर सुटलं आणि एखादी चढली नाही की कुणीतरी फोन लावायचंच. "काय गं, बरी आहेस ना?" माझ्या ऑफिसात चार दिवस रजेवर असले तरी टेबलावर फायली साठण्यापलीकडे कुणाला फरक पडत नसे. इथे चार मिनिटांत पडायचा.

आणखी एक गोष्ट माझी मलाच सापडली, ती सांगते.

26 जुलै 2005 ला मुंबई बुडाली. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस. आमच्या डब्यातल्या बऱ्याच जणी त्या दिवशी मुंबईत अडकल्या होत्या. कुणी ऑफिसात टेबलावर झोपलं, कुणी दादरला अनोळखी घरात रात्र काढली, घाटातला मार्ग बंद म्हणून काही दिवस परतता आलं नाही. ही गोष्ट डब्यात दर पावसाळ्यात सांगितली जायची. तीच वाक्यं, तेच हसू, त्याच जागी तेच डोळे पुसणं. 2009 किंवा 2010 मध्ये एका नव्या बाईला मी ती सांगत होते आणि माझ्याच कानावर माझं वाक्य पडलं: "तेव्हा आपण सगळ्या दादरला अडकलो होतो."

मी नव्हते. 26 जुलै 2005 ला मी सहकारनगरला घरी होते, मुलीचा रेनकोट वाळत घालत होते. माझी बदली व्हायला अजून वर्ष होतं. पण समोर बसलेल्या, खरोखर अडकलेल्या दोघीतिघींपैकी एकीनंही मला दुरुस्त केलं नाही. त्या मान डोलावत होत्या. त्यांच्या लेखी मीही तिथे होतेच.

मग आठवलं, पुण्यात तर आपण हे कायम करतो. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, खडकवासला फुटलं, पेठांमध्ये पाणी शिरलं. माझ्या सासूबाईंनी नारायण पेठेत ते डोळ्यांनी पाहिलं. मी कोल्हापूरची, लग्न होऊन 1989 ला इथे आले, आणि लकडी पुलावरून जाताना मुलीला सांगायचे, "आपल्याकडे एवढं पाणी आलं होतं." कुणाचं पाणी, कुणाकडे? पण सांगताना खोटं बोलते आहे असं कधीच वाटलं नाही. दुसऱ्यांची आठवण आपण आपली म्हणून सांगायला लागतो आणि ज्यांची ती आहे ते हरकत घेत नाहीत. माझ्या मते माणूस गटाचा झाला याची याहून पक्की खूण दुसरी नसेल.

आता जे आवडत नाही त्याकडे येते.

आमच्या डब्याला दोन दारं होती, आणि म्हणून दोन टोळ्या होत्या: पुढच्या दाराच्या आणि मागच्या दाराच्या. कोण कुठल्या टोळीत हे फलाटावर तुम्ही पहिल्या दिवशी कुठे उभ्या राहिलात त्यावर ठरायचं, दुसरं कारण नाही. तरी मागच्या दारवाल्या भांडखोर, पुढच्या दारवाल्या शिष्ट, अशी समजूत दोन्हीकडे पक्की होती. पंखा कुठल्या बाजूचा दुरुस्त झाला यावरून आठवडाभर अबोला झालेला मी पाहिला आहे.

पुढे, 2016 च्या सुमारास, मुलगी मानसशास्त्रात एम.ए. करत होती तेव्हा अभ्यासातलं काहीबाही मला वाचून दाखवायची. हेन्री ताजफेल नावाचे एक पोलिश ज्यू शास्त्रज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात ते युद्धकैदी होते, परतले तेव्हा घरची माणसं मारली गेलेली. नंतर ते इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला शिकवत. 1970 च्या सुमारास त्यांनी शाळकरी मुलांना पडद्यावर क्षणभर ठिपके दाखवले आणि किती ते विचारलं. मग प्रत्येकाला सांगितलं, तू जास्त मोजणाऱ्यांतला, तू कमी मोजणाऱ्यांतला. प्रत्यक्षात वाटणी कशीही केलेली होती. मुलांना आपल्या गटात कोण आहे तेही माहीत नव्हतं. तरी पैसे वाटायला सांगितल्यावर त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. पुढच्या प्रयोगात तर असंही दिसलं की आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण दुसऱ्यांपेक्षा जास्त मिळायला हवेत. मुलगी वाचत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर आमचा पंखा फिरत होता.

पण मी आतून हलले ते त्याच्या चार वर्षं आधी. 2012 च्या जूनमध्ये एक मुलगी डब्यात यायला लागली. चोविशीतली, पहिलीच नोकरी, पाठीवर मोठी सॅक. पहिल्या दिवशी ती सोलापूरच्या काकूंच्या जागेवर बसायला लागली तेव्हा मी म्हणाले, "इथे नको बसूस, ही आमच्या काकूंची जागा आहे." माझ्या तोंडून, माझ्या आवाजात. आठवण झाली नाही असंही नाही. निळा रुमाल लख्ख आठवला, आणि तरी मी बोलले. 'मी उभी राहिले होते, हीही राहील', असं काहीतरी मनात होतं. त्याची मला आजही लाज वाटते. ती मुलगी पुढचे पाच-सहा आठवडे बहुतेक दोन डब्यांमधल्या दाराशी सॅकवर बसून यायची. ते दार आम्ही आतून कडी घालून बंद ठेवायचो, पलीकडच्या डब्यातली गर्दी आत येऊ नये म्हणून.

जुलैमध्ये एका संध्याकाळी, कर्जत सोडून गाडी घाट चढत असताना पुढे दरड कोसळली. ठाकूरवाडीच्या आसपास, बोगद्याच्या तोंडाशी आम्ही थांबलो. सात वाजले होते. भोर घाटातला हा रस्ता 1863 चा, आणि पावसाळ्यात तो अजूनही मनात आलं की थांबवतो, याची आम्हाला सवय होती. एक तास गेला, दोन गेले. फोनला रेंज नाही. बाहेर धबधब्याचा आवाज आणि किर्र काळोख, आत दिवे मंद झालेले. साडेनऊच्या सुमारास त्या मधल्या दारावर थापा पडल्या.

आम्ही एकमेकींकडे बघितलं. पन्नासेक बायका असतील. थापा ऐकू आल्या सगळ्यांना, उठली कुणीच नाही. 'एकीला घेतलं तर सगळे येतील', असं कुणीतरी पुटपुटलं. ते मी म्हणाले नाही, पण मला ते पटलं होतं.

त्या मुलीनं कडी काढली. कुणाला विचारलं नाही. दारात कडेवर आठ-नऊ महिन्यांचं पोर घेतलेली एक बाई होती, मागे तिची सासू, त्यामागे दोन कॉलेजच्या मुली. पलीकडे पाय ठेवायला जागा नव्हती, पाणी संपलेलं, बाळ रडून रडून निळं पडलेलं. क्षणभर सगळं गप्प. मग सोलापूरच्या काकू आपल्या त्या जागेवरून उठल्या आणि म्हणाल्या, "ये गं, बाळाला इथे निजव." त्यानंतर सगळं भराभर झालं. थर्मासमधलं कोमट पाणी निघालं, ग्लुकोजची बिस्किटं कुस्करली गेली, उरलेल्या पोळ्या, लोणचं, कर्जतचे गार झालेले वडे, चिक्की. पुढच्या दारवाल्यांनी मागच्या दारवाल्यांकडे ओढणी मागितली आणि दोन बाकांमध्ये झोळी बांधली. ती मुलगी बाटल्या गोळा करत हिंडत होती. माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "काकू, आपल्याकडे अजून पाणी किती आहे?"

आपल्याकडे. तिला ते कुणी दिलं नव्हतं. तिनं ते वापरूनच टाकलं. मी माझी बाटली तिच्या हातात दिली, पण तिच्याकडे नीट बघता येईना.

गाडी हलली तेव्हा एक वाजून गेला होता. पुण्यात उतरलो तेव्हा यजमान भिजत फलाटावर उभे होते. पुन्हा गाडी सुरू झाली त्या दिवशी सोलापूरच्या काकूंनी शेजारच्या जागेवर रुमाल टाकून ठेवला होता, त्या मुलीसाठी. ती बसली. आठवडाभरात तिच्या मांडीवर गवार आली.

आणि मधल्या दाराला पुन्हा कडी लागली. कुणी घातली ते मी पाहिलं नाही. पण मी ती काढलीही नाही.

मुलीनं मला मुजफ्फर शेरीफ यांचा 1954 चा प्रयोग वाचून दाखवला तेव्हा हीच कडी डोळ्यांपुढे आली. अमेरिकेत ओक्लाहोमाच्या एका जंगलातल्या शिबिरात अकरा-बारा वर्षांची 22 मुलं, दोन गटांत. एका गटानं नाव घेतलं रॅटलर्स, दुसऱ्यानं ईगल्स. सामने लावले तशी भांडणं पेटली, एकमेकांचे झेंडे जाळले. मग दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, सिनेमा दाखवला. काही उपयोग नाही, जेवताना अन्न फेकाफेकी. पाणीपुरवठा बंद पडला तेव्हा मात्र दोघांना मिळून शोधावं लागलं, आणि ट्रक सुरू होईना तेव्हा दोन्ही गटांनी मिळून दोरी लावून तो ओढला. ज्या दोरीनं रस्सीखेच खेळले तीच दोरी. मी मुलीला ते दोनदा वाचायला लावलं. एका कामानं हे झालं नाही, असंही पुढे होतं. एकामागून एक अशी कामं दोघांना मिळून करावी लागली तेव्हा कुठे ती मुलं हळूहळू जवळ आली. आमच्या घाटात तशी रात्र एकच होती. पलीकडच्या डब्याबरोबर आम्ही पुन्हा कधी काही ओढलं नाही. मला वाटतं, ती कडी परत लागली ती त्यामुळे.

मार्च 2020 मध्ये गाड्या थांबल्या. शेवटचे महिने मी भाचीकडे दादरला राहून काढले आणि 2021 मध्ये निवृत्त झाले. निरोप असा कुणाला दिलाच नाही. त्या डिसेंबरात ठरवून जंगली महाराज रस्त्यावरच्या संभाजी बागेत भेटलो, सतरा जणी. गवतावर गोल करून बसलो, आणि बोलणंच सुचेना. "बाकी काय?" "सगळं ठीक." इतकी वर्षं आम्ही शेजारी किंवा पाठमोऱ्या बसलेल्या, असं एकमेकींच्या तोंडाकडे बघत कधी बसलोच नव्हतो. मला वाटलं, संपलं हे. गाडी होती म्हणून आपण होतो.

चिंचवडच्या ताई उशिरा आल्या, मंडईतून. पिशवीत तीन किलो मटार. काही न बोलता त्यांनी वर्तमानपत्र पसरलं आणि शेंगा ओतल्या. गोल मोडला, सगळ्या सरकून पेपराभोवती आल्या, माना खाली गेल्या, आणि दहा मिनिटांत असा गलका झाला की माळी बघायला आला. माझ्या डाव्या हाताला सोलापूरच्या काकू होत्या, उजवीकडे ती मुलगी, आता हिंजवडीत नोकरी करणारी. समोर मागच्या दारवाल्या. कुणी बसवलं नव्हतं, पण बसलो होतो अगदी डब्यातल्यासारख्या.

जवळच्या बाकावर फिरायला आलेल्या एक आजी कधीपासून आमच्याकडे बघत होत्या, हातात काठी, एकट्याच. मी ओंजळभर शेंगा उचलल्या, उठले आणि त्यांच्या पदरात टाकल्या. "घ्या ना" म्हणणार होते, म्हटलं नाही. "लवकर सोला हं, अंधार पडायच्या आत संपवायचेत."

त्यांनी काठी बाकाला टेकवली, एक शेंग मोडली आणि विचारलं, "टरफलं कुठे टाकायची?"